बिनविजेचा रेडिओ : एक नसता उद्योग

“नसते उद्योग” हे दोन शब्द ज्यानें लहानपणीं ऐकले नाहींत असा मुलगा निदान आमच्या पिढींत तरी विरळाच असेल. बंद पडलेलें घड्याळ उघडून पाहिलें, कीं तो नसता उद्योग. विजेरीचा दिवा आगपेटींत बसवून पाहिला, कीं तो नसता उद्योग. छत्रीच्या मोडक्या काड्यांचा पूल बांधला, कीं तोही त्यांतलाच. आमच्या वडिलांनीं हे शब्द आमच्यासंबंधीं इतक्या वेळां उच्चारले होते कीं, वाड्यांतील लहान मुलांस तें आमचें टोपणनांवच वाटूं लागलें होतें. त्या उद्योगांपैकीं बहुतेकांची आज आठवणही उरलेली नाहीं. एक मात्र असा होता कीं, त्यानें आम्हांस एक धडा शिकविला आणि तो धडा पुढें शाळेंत, नोकरींत व संसारांत वारंवार उपयोगी पडला. त्या उद्योगाची कृति व हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवावी, असा आमचा मानस आहे.

हा उद्योग म्हणजे घरच्या घरीं रेडिओ तयार करण्याचा. या रेडिओस विजेची जोडणी लागत नाहीं, बॅटरी लागत नाहीं, घड्याळासारखी किल्लीही द्यावी लागत नाहीं. पांच-सहा सुट्या वस्तु एका फळीवर नीट जोडल्या, कीं दूरच्या केंद्रावर बोलणाऱ्या माणसाचा आवाज आपल्या कानांत उतरतो. रेडिओच्या व्यवसायांत यास ‘क्रिस्टल सेट’ म्हणतात. आपण त्यास स्फटिकग्राहक म्हणूं.

कोणी विचारील कीं, खिशांतील मोबाइलवर साऱ्या जगाचें गाणें ऐकूं येत असतां ही खटपट कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, मोबाइल ऐकवितो पुष्कळ, पण दाखवीत कांहींच नाहीं. तो उघडून पाहिला तरी त्याच्या पोटांत काय चाललें आहे तें डोळ्यांस कळत नाहीं. स्फटिकग्राहकांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. प्रत्येक भाग समोर असतो, प्रत्येकाचें काम बोटानें दाखवितां येतें, आणि चूक झाली तर तीही तेथेंच आपल्या डोळ्यांपुढें पडलेली असते. ती पाहतां मात्र आली पाहिजे.

१. थोडा पूर्वेतिहास

प्रकाश ही एक विद्युत्-चुंबकीय लहर आहे, असें मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत गणितानें दाखविलें. डोळ्यांस न दिसणाऱ्या अशाच लांब लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून त्या ओळखून दाखविण्याचा मान जर्मनीच्या हर्ट्झ याच्याकडे जातो. त्याचे प्रयोग १८८७-८८ या काळांतील. परंतु आपल्या रेडिओचा जो मुख्य भाग, त्याचा जन्म याहूनही आधींचा आहे. धातु व गंधक यांच्या संयोगानें झालेल्या कांहीं खनिजांतून वीज एका दिशेनें सहज जाते, उलट दिशेनें मात्र अडते, ही गोष्ट जर्मनीच्याच ब्राउन यानें १८७४ सालीं नोंदवून ठेविली होती. बिनतारी संदेशाचा व्यवहार तेव्हां सुरूही झालेला नव्हता. म्हणजे एका परीनें ब्राउनचा प्रयोगही त्या काळच्या लोकांस नसता उद्योगच वाटला असता!

पुढें कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा उपयोग या लहरी ओळखण्याकडे केला. या शोधाच्या पेटंटासाठीं १९०१ सालीं अमेरिकेंत अर्ज दाखल झाला व तें पेटंट १९०४ सालीं मंजूर झालें. अमेरिकेंतील पिकार्ड यानें १९०६ सालीं सिलिकॉनच्या ग्राहकाचें पेटंट मिळविलें. यापुढें थोड्याच वर्षांत खनिजाचा एक खडा आणि त्यावर टेकविलेली एक बारीक तार, एवढ्या सामग्रीवर हजारों हौशी लोक आपापल्या घरांत बिनतारी संदेश ऐकूं लागले. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ ही श्रीमंतांची वस्तु होती. स्फटिकग्राहक मात्र कोणाही कष्टाळू मुलास स्वतः करतां येण्यासारखा होता.

या यंत्राची सर्वांत नवलाची कथा दुसऱ्या महायुद्धांतील आहे. १९४४ सालीं इटलींतील आन्झिओच्या किनाऱ्यावर खंदकांत अडकून पडलेल्या सैनिकांजवळ ना गॅलेना होतें, ना डायोड. त्यांनीं दाढी करण्याचें पातें घेतलें, त्यावर शिसपेन्सिलीचें शिसें सेफ्टी पिनेच्या टोंकाला बांधून टेकविलें, आणि त्या सामग्रीवर गाणीं ऐकलीं. पात्यावरील निळसर थर गॅलेनाचें काम करीत होता. ज्यास साहित्य मिळत नाहीं म्हणून प्रयोग अडतो, त्यानें ही गोष्ट मनांत ठेवावी.

२. उपपत्ति

कृतीकडे वळण्यापूर्वीं यंत्र चालतें कसें तें पाहूं. कारण उपपत्ति न कळतां केलेली कृति ही नुसती नक्कल होय.

ध्वनिक्षेपण केंद्रावरून निघणाऱ्या लहरीचे हेलकावे अतिशय जलद असतात. पुणें आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची म्हणून श्रोत्यांच्या परिचयाची आहे. याचा अर्थ एका सेकंदांत ७,९२,००० हेलकावे. लहरीचा वेग सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर; त्यास हेलकाव्यांच्या संख्येनें भागिलें असतां एका लहरीची लांबी सुमारें ३७९ मीटर येते. एवढ्या जलद हेलकाव्यांचा आवाज आपल्या कानास ऐकूं येत नाहीं. म्हणून केंद्रावर अशी योजना करितात कीं, बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें या हेलकाव्यांची उंची कमी-जास्त व्हावी. लहर हा जणूं टपाल नेणारा हरकारा, आणि उंचींतील चढउतार हीं त्याच्या पिशवींतील पत्रें.

आतां आपल्या यंत्रास तीन कामें करावयाचीं आहेत : हरकाऱ्यास घरांत घेणें, अनेक हरकाऱ्यांतून आपला तेवढा निवडणें, आणि त्याच्या पिशवींतून पत्र काढणें.

पहिलें काम आकाशतारेचें, म्हणजे एरियलचें. लहर तारेवरून जातांना तारेंत अत्यंत सूक्ष्म असा विद्युत्प्रवाह उत्पन्न करिते व तो जमिनीकडे धांवतो.

दुसरें काम तारेचें वेटोळें आणि कंडेन्सर हीं दोघें मिळून करितात. झोक्यावर बसलेल्या मुलास योग्य वेळीं अगदीं हलका धक्का देत गेलें तरी झोका उंच चढतो. अवेळीं दिलेले धक्के वायां जातात. प्रत्येक झोक्याची आपली एक गति असते. वेटोळें व कंडेन्सर हा विजेचा झोका आहे. कंडेन्सरची मूठ फिरविली कीं या झोक्याची गति बदलते, आणि ज्या केंद्राच्या हेलकाव्यांशीं ती जुळते, तेवढेंच केंद्र त्यास उंच चढवितें.

तिसरें काम डायोडचें, आणि हाच पूर्वींच्या गॅलेनाचा वंशज. हेडफोनमधील पातळ पडदा सेकंदास सात-आठ लाख वेळां पुढें-मागें हलूं शकत नाहीं. पुढें ओढ व मागें ओढ एकमेकींस खाऊन टाकतात आणि पडदा जागच्या जागीं राहतो. हातपंपांत कातड्याची झडप असते. ती पाण्यास वर जाऊं देते, खालीं येऊं देत नाहीं. डायोड ही विजेची झडप आहे. एकाच दिशेचे धक्के पुढें गेले म्हणजे पडद्यास त्यांच्या चढउताराप्रमाणें ओढ लागते, आणि हा चढउतार म्हणजेच बोलणाऱ्याचा आवाज.

मग शक्ति कोठून येते? हा प्रश्न ज्यास सुचला त्याची आम्ही पाठ थोपटूं. ती येते केंद्रावरूनच. तेथून चोहोंकडे फेंकलेल्या शक्तीचा अगदीं लहानसा अंश आपल्या तारेवर पडतो, आणि तेवढ्यावरच पडदा हलतो. म्हणूनच आवाज मंद असतो. म्हणूनच यंत्रांतील एकही सांधा ढिला असून चालत नाहीं.

३. साहित्य

(१) सुमारें ७५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची व १० सेंटिमीटर लांबीची नळी. नळकामाच्या प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा उत्तम. जाड पुठ्ठ्याची नळीही चालते.

(२) इनॅमल चढविलेली तांब्याची तार, २६ गेजची, १५ मीटर. विजेच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिरांकडे ही ‘वाइंडिंग वायर’ या नांवानें असते.

(३) फिरता कंडेन्सर, ५०० पिकोफॅरडपर्यंतचा. रेडिओ दुरुस्त करणारे यास ‘गँग’ म्हणतात. मोडींत निघालेल्या जुन्या रेडिओंतून तो काढून घेतां येतो.

(४) जर्मेनियम डायोड. सिलिकॉनचा साधा डायोड येथें कामाचा नाहीं. कारण जर्मेनियमची झडप थोड्या दाबानें उघडते, सिलिकॉनच्या झडपेस अधिक दाब लागतो, आणि आपल्यापाशीं दाब मुळींच थोडा आहे.

(५) २००० ओहमचा जुन्या पद्धतीचा हेडफोन, अथवा कानांत घालावयाचा स्फटिक-इअरफोन. दुसरा वापरल्यास त्याच्या दोन टोंकांमध्यें ४७ किलोओहमचा रोध जोडावा. मोबाइलबरोबर मिळणारा इअरफोन येथें सरळ जोडून चालत नाहीं.

(६) आकाशतारेसाठीं प्लॅस्टिकचें वेष्टण असलेली १५ ते २० मीटर तार, एक लाकडी फळी, व कांहीं पितळी स्क्रू.

४. कृति

नळीच्या एका टोंकाजवळ दोन बारीक छिद्रें पाडून तारेचें टोंक त्यांतून ओवून पक्कें करावें. या टोंकास ‘ब’ म्हणूं. आतां तार ताणून धरून एकास एक लागून ५० फेरे गुंडाळावे. प्रत्येक दहाव्या फेऱ्यानंतर तारेचा लहानसा फांसा करून त्यास पीळ द्यावा व पुढें चालावें. असे १०, २०, ३० व ४० या फेऱ्यांवर चार फांसे होतील. शेवटचें टोंक ‘अ’. या कामास दोघे असल्यास बरें : एकानें नळी फिरवावी, दुसऱ्यानें तार सोडावी. मध्येंच हात सुटला तर सगळे फेरे सैल होऊन उलगडतात आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

वेटोळें फळीवर बसवावें. कंडेन्सरचें एक टोंक ‘अ’ शीं व दुसरें ‘ब’ शीं जोडावें. ‘अ’ पासून डायोड, डायोडपासून हेडफोनचें एक टोंक, आणि हेडफोनचें दुसरें टोंक ‘ब’ शीं. ‘ब’ पासून एक तार जमिनीस न्यावी. आकाशतार चार फांशांपैकीं एकास लावावी. प्रथम विसाव्या फेऱ्यावरील फांशास लावून पाहावी. सोल्डर करतां येत असेल तर सांधे त्यानें पक्के करावे; नसेल तर पितळी स्क्रूखालीं दोन्ही तारा घट्ट आंवळाव्या.

भूतारेसाठीं पाण्याचा लोखंडी नळ असल्यास तिचें टोंक त्यास घांसून बांधावें. हल्लीं पुष्कळ घरांतून नळ प्लॅस्टिकचे असतात. ते निरुपयोगी होत. तेथें ओलसर जमिनींत हातभर लोखंडी कांब ठोकावी. घरांतील विजेच्या खटक्याच्या भोंकांत कोणतीही तार कदापि घालूं नये. आकाशतार विजेच्या तारांपासून दूर असावी, आणि वळवाचे ढग दिसतांच ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. मेघ गडगडत असतां हेडफोन कानास लावून बसणें हा केवळ वेडेपणा होय. गच्चीवर अथवा झाडावर तार बांधावयाची ती वडील माणसास बरोबर घेऊनच.

५. तीन आठवड्यांचें मौन

आतां आमची हकीकत. इयत्ता नववींत असतांना आम्हीं हा ग्राहक प्रथम बांधला. पुण्यांतील जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड होतें. नळी मिळाली, तार मिळाली, गँग एका मोडक्या रेडिओंतून निघाला. डायोड तेवढा बुधवारांतील एका लहानशा दुकानांतून आमच्या खाऊच्या पैशांनीं घेतला. रविवारीं दिवसभर खपून सर्व जोडणी केली व हेडफोन कानास लावला. आवाज नाहीं. मूठ या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविली. आवाज नाहीं. आकाशतार चारही फांशांवर लावून पाहिली. समुद्राच्या शिंपल्यांतून येतो तेवढाही नाद नाहीं.

तीन आठवडे असेच गेले. आम्हीं तार लांब केली, भूतार बदलली, वेटोळें उलगडून पुन्हा गुंडाळलें. पुष्कळदां तर दोन-तीन फेरफार एकदमच केले. शेवटीं आमच्या बुद्धीस एकच उत्तर सुचलें : डायोड खराब आहे, आणि पोरगें पाहून दुकानदारानें तो आमच्या गळ्यांत बांधला आहे. या निर्णयास पुरावा कांहींच नव्हता. परंतु दोष दुसऱ्याकडे गेला म्हणजे मनास जें समाधान वाटतें, तें पुराव्याची वाट पाहत नाहीं.

त्या शनिवारीं आम्ही दुकानांत गेलों आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालों, “काका, तुम्हीं दिलेला डायोड खराब आहे. तुम्हीं आम्हांला फसवलंत.” दुकानदार वयस्कर गृहस्थ होते. ते रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “सेट आणला आहेस?” तो आणला नव्हता. “मग तो घेऊन ये, म्हणजे पाहूं.”

दुसऱ्या दिवशीं फळी कागदांत गुंडाळून आम्ही पुन्हा गेलों. काकांनीं चष्मा लावला. डायोडकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. वेटोळ्याचें एक टोंक स्क्रूखालून सोडवून त्यांनीं तें उजेडांत धरलें आणि म्हणाले, “बाळ, ही तार तांबूस दिसते म्हणून तांबें उघडें आहे असं समजलास होय?” मग चाकूच्या पात्यानें त्यांनीं तें टोंक बोटभर खरवडलें. गडद तांबूस रंगाचा पातळ पापुद्रा निघाला व आंतून नव्या पैशासारखें झळझळीत तांबें बाहेर आलें. इनॅमल हें विजेस अडविणारें वेष्टण असतें, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें; फेरे एकमेकांस लागूनही वीज आडमार्गानें जात नाहीं ती त्यामुळेंच, हेंही आम्हांस पाठ होतें. तेंच वेष्टण स्क्रूखालींही वीज अडवील, एवढें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तीन आठवडे आमच्या यंत्रांतील एकही सांधा खरोखर जुळलेला नव्हता.

काकांनीं एकच टोंक खरवडलें आणि फळी परत दिली. “राहिलेलीं पांच ठिकाणें घरीं जाऊन तूंच खरवड,” ते म्हणाले. उरलेलें काम त्यांनीं आमच्यासाठीं ठेविलें, हा त्यांचा आमच्यावरील मोठा उपकार.

त्या रात्रीं दुसरें टोंक आणि चारही फांसे आम्हीं पॉलिशपेपरनें घांसून लख्ख केले व हेडफोन कानास लावला. मूठ हळूहळू फिरवितां फिरवितां प्रथम एक बारीक गुणगुण आली आणि मग, भिंतीपलीकडून कोणी बोलावें तसा, पण स्पष्ट, माणसाचा आवाज आला. तो बाजारभाव सांगत होता. कांदा, ज्वारी, गूळ! आजवर अनेक थोर गायकांचीं गाणीं आम्हीं ऐकलीं, परंतु त्या रात्रीं ऐकलेल्या कांद्याच्या भावांची सर कशालाच आली नाहीं. वडील जेवून हात पुशीत आले. आम्हीं कांहीं न बोलतां हेडफोन त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो कानास लावला, पुष्कळ वेळ ऐकत उभे राहिले, आणि शेवटीं म्हणाले, “कांदा किती म्हणाला?” नसत्या उद्योगाचें नांव त्यांनीं त्या दिवशीं काढलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही दुकानांत जाऊन काकांची क्षमा मागितली. तेव्हांही दुकानांत गिऱ्हाइकें होतीं, आणि तें योग्यच होतें. आरोप लोकांदेखत केला तर क्षमाही लोकांदेखतच मागावी. ते हंसून म्हणाले, “ऐकूं आलं ना? मग झालं.”

६. दोष शोधण्याची रीत

त्या प्रसंगानंतर दोष शोधण्याची जी रीत आम्हीं ठरविली ती अशी. यंत्र मुकें राहिल्यास ती पायरीपायरीनें योजावी.

पहिली पायरी : आपल्या गांवीं मध्यम लहरींवर कोणतें केंद्र ऐकूं येतें तें साध्या ट्रान्झिस्टर रेडिओवर आधीं पाहावें. अलीकडे अनेक देशांतून या लहरींवरील केंद्रें बंद होत आहेत. जवळ केंद्रच नसेल तर दोष यंत्राचा नाहीं.

दुसरी : हेडफोनचीं टोंकें दीड व्होल्टच्या सेलास क्षणभर लावावीं. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे हेडफोन ठीक.

तिसरी : सेल व विजेरीचा लहान दिवा वेटोळ्याच्या ‘अ’ आणि ‘ब’ या टोंकांशीं जोडून पाहावा. दिवा लागला म्हणजे तार सलग आहे व दोन्ही टोंकें नीट खरवडलेलीं आहेत. मग ‘ब’ व एकेक फांसा यांमध्यें तोच प्रयोग करावा. ही एक परीक्षा पहिल्या रविवारीं केली असती तर आमचे तीन आठवडे वांचले असते, आणि एका सज्जनावर खोटा आळही आला नसता.

चौथी : सेल, हेडफोन व डायोड एकामागून एक जोडून ऐकावें. एका दिशेनें ‘टक्’ मोठा व डायोड फिरवून लावल्यास लहान ऐकूं आला म्हणजे झडप आपलें काम करीत आहे. डायोडमध्यें सेलाची वीज हेडफोनवांचून सरळ कधींही सोडूं नये, तो जळतो.

पांचवी, आणि सर्वांत महत्त्वाची : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळें आला तें कळत नाहीं. गेला, तर कशामुळें गेला तेंही कळत नाहीं.

७. पुढील खेळ

यंत्र बोलूं लागलें म्हणजे खरी मौज सुरू होते. आकाशतार निरनिराळ्या फांशांवर लावून पाहावी. भूतारेच्या टोंकाकडील फांशावर आवाज कांहींसा मंद होतो, पण केंद्रें एकमेकांत मिसळत नाहींत. दूरच्या फांशावर आवाज मोठा होतो, पण दोन केंद्रें एकदम बोलूं लागतात. मोठेपणा व निवड हीं दोन्हीं एकाच वेळीं पूर्णपणें मिळत नाहींत, हें येथें कानांनींच कळतें.

आकाशतारेचे प्रकारही करून पाहावे. आम्हीं लोखंडी खाट जोडून पाहिली. तिच्यावर आवाज आला. छत्री जोडून पाहिली. तिच्यावर आला नाहीं. वाड्याच्या चौकांत कपडे वाळत घालण्याची तार होती. तिच्यावर आवाज सर्वांत चांगला येई. मात्र सकाळीं आईनें ओलें नऊवारी लुगडें त्या तारेवर घातलें, कीं केंद्र जागचें हलत असे व मूठ पुन्हा जुळवावी लागत असे. लुगडें वाळत जाई तसतसें केंद्र आपल्या मूळ जागीं परत येई. याची नोंद आम्हीं वहींत तारीखवार ठेविली होती. ती वाचून आई पुष्कळ हंसली.

सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोंचतात. दिवसां त्यांस शोषून घेणारा खालचा थर रात्रीं नाहींसा होतो. म्हणून रात्रीं कधीं कधीं अनपेक्षित आवाज कानीं पडतात. आन्झिओच्या सैनिकांप्रमाणें दाढीचें पातें वापरून पाहावें. पातें वडील माणसाच्या देखरेखीखालीं निळें पडेपर्यंत तापवावें, व थंड झाल्यावर त्यावर शिसपेन्सिलीचें टोंक अगदीं हलकें टेकवून योग्य जागा शोधावी. आम्हांस ती जागा सांपडण्यास एक संध्याकाळ लागली, आणि खालीं रस्त्यावरून जड गाडी गेली तशी ती हरवली. ती पुन्हा शोधण्यांतही एक मौज आहे.

आजच्या मुलांस एक नवा खेळ आहे, तो आमच्या वेळीं नव्हता. मोबाइलचे चार्जर व एलईडीचे कांहीं दिवे मध्यम लहरींवर सतत गुरगुर पसरवितात. साधा ट्रान्झिस्टर हातीं घेऊन घरांत कोणत्या वस्तूजवळ ही गुरगुर वाढते तें शोधावें व घराचा एक नकाशा काढावा. शांत वाटणारें घर किती बोलकें असतें, हें पाहून आश्चर्य वाटेल.

८. पालकांस विनंति

शेवटचे दोन शब्द पालकांसाठीं. मुलगा अथवा मुलगी फळी, तारा व स्क्रू घेऊन बसली, तर एखादी संध्याकाळ अभ्यासाची जाईल, जमिनीवर तारेचे तुकडे पडतील, आणि बहुधा यंत्र प्रथम बोलणारही नाहीं. अशा वेळीं दोन मोह होतात. एक, “सोड तो नाद” असें म्हणण्याचा. दुसरा, तयार वस्तु विकत आणून देण्याचा अथवा स्वतः बसून सर्व जोडून देण्याचा. आमच्या मतें दोन्हींनीं नुकसान सारखेंच होतें. त्या काकांप्रमाणें एक टोंक खरवडून दाखवावें, आणि बाकीचीं पांच मुलाच्या हातीं ठेवावीं. विजेशीं व उंचीशीं संबंध येईल तेथें मात्र स्वतः जवळ असावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं हा ग्राहक बांधलात तर त्यावर ऐकलेलें पहिलें वाक्य वहींत लिहून ठेवा. तें एखाद्या थोर पुरुषाचें नसलें तरी हरकत नाहीं. आमच्या वहींत कांद्याचा भाव आहे. त्याच पानावर, त्याच्याही वर, आम्हीं त्या रात्रीं आणखी एक ओळ लिहिली होती, ती येथें उतरून घेतों : यंत्र मुकें राहिलें, तर दुकानदाराकडे जाण्यापूर्वीं आपलीं टोंकें खरवडलीं आहेत कीं नाहींत तें पाहावें. पुढें आयुष्यांत माणसांशीं प्रसंग पडले तेव्हांही ही ओळ आम्हांस पुष्कळदां आठवली. जेव्हां आठवली नाहीं, तेव्हां आम्हांस पुन्हा एकदां क्षमा मागण्यास जावें लागलें.